प्रिंटरला पाकीट का झेपत नाही?

१. प्रश्न आणि त्याची वेळ

साध्या कागदावर शेकडो पाने सुरेख काढणारा प्रिंटर पाकीट आत गेले की का बिघडतो? पतसंस्थेच्या कचेरीत, शाळेच्या कार्यालयात, गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाच्या घरी, वकिलाच्या टेबलापाशी, जिथे म्हणून पाकिटांवर पत्ते छापायची वेळ येते तिथे हा प्रश्न विचारला जातो. पाकीट अडकते, त्याला चुण्या पडतात, पत्ता एका बाजूला सरकतो किंवा तोंडाकडची पट्टी आतल्या आत चिकटून बसते. मग यंत्र जुने झाले असा निष्कर्ष निघतो आणि मेकॅनिकला फोन जातो. या प्रकरणाचे म्हणणे वेगळे आहे. बहुतेक वेळा यंत्र ठीक असते. पाकीट म्हणजे थोडा जाड कागद, अशी समजूत करून आपण ते आत घालतो आणि तिथेच गाडी अडते. कर्जत-खालापूरसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलखात तर पाकिटात मुरलेली ओल या अडचणीत मोठी भर घालते. म्हणून उपायाची सुरुवात संगणकाच्या सेटिंगमध्ये शोधण्याआधी पाकिटात शोधावी लागते.

या भागात पाकिटांचा हंगाम नेमका कधी येतो तेही पाहू. सहकारी संस्थांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभेची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते. समजा, सभा २८ सप्टेंबरला ठरली. सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मधले १४ दिवस मोजले, तर १३ सप्टेंबर ही शेवटची तारीख येते. टपालाचे दिवस धरले तर आणखी आधी. नेरळ-कर्जत पट्ट्यातल्या इमारतींत सदनिका घेऊन स्वतः मुंबई-ठाण्यात राहणारे सभासद पुष्कळ, त्यामुळे सूचना हाती देऊन काम भागत नाही. थोडक्यात, वर्षातली सगळ्यांत जास्त पाकिटे ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छापली जातात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या तालुक्यांत तेव्हा कपाटातले कपडेही कोरडे राहत नाहीत.

२. पाकीट हा कागद नव्हे

प्रिंटरमध्ये कागद ओढून घेणारे रबरी रोलर असतात. ट्रेमधल्या गठ्ठ्यातून एकच पान उचलायचे आणि ते सरळ पुढे न्यायचे, हे त्यांचे काम. सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: पानाची जाडी सगळीकडे सारखी असणार. ८० जीएसएमचे, म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचे नेहमीचे पान सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत तेवढेच असते. त्याच कागदाचे पाकीट घ्या. बहुतेक भागात दोन थर, म्हणजे ०.२ मिलिमीटर. जिथे बाजूच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत तिथे तीन थर. मिटलेल्या तोंडाकडची पट्टी जोडावर येते तिथे चारसुद्धा. म्हणजे एकाच फेरीत रोलरखालची जाडी ०.२ वरून ०.४ मिलिमीटरपर्यंत, दुपटीने बदलते. रोलरचा दाब जाड बाजूवर जास्त आणि पातळ बाजूवर कमी पडतो, जाड बाजू घट्ट पकडली जाते, पातळ बाजू निसटते आणि पाकीट तिरपे होते. तिरपे झालेले पाकीट पुढच्या वळणावर अडकले तर दोष वळणाला लावता येणार नाही.

जाडीच्या बरोबरीने आतली हवाही त्रास देते. पाकिटाचे दोन थर एकमेकांना कडेलाच जोडलेले असतात, मध्ये ते सुटे असतात. दोन रोलरांच्या चिमटीतून जाताना वरचा थर एका वेगाने आणि खालचा किंचित वेगळ्या वेगाने सरकतो. त्या फरकाला कुठेतरी जागा लागते आणि ती चुणीच्या रूपाने मागच्या कडेजवळ दिसते. यावरून पाकीट निवडण्याचा पहिला नियम निघतो. जोड कोपऱ्यापर्यंत नीट पोचलेले असावेत, घड्या धारदार आणि सपाट असाव्यात, कागद फार जाड नसावा. स्वस्त खाकी पाकिटांच्या गठ्ठ्यात पुष्कळदा जोड कोपऱ्याच्या अलीकडेच संपतो आणि तिथे कागदाचे सुटे टोक राहते. यंत्रात अडकायला तेवढे पुरते. खिडकीचे प्लास्टिक, धातूची पिन, दोरा किंवा पट्टी सोलून चिकटवायचा तयार गोंद असलेली पाकिटे लेझर प्रिंटरमध्ये घालूच नयेत. त्याचे कारण पुढच्या भागात येईल.

३. वीज, उष्णता आणि ओल

लेझर प्रिंटर कसा छापतो हे कळल्याशिवाय ओल काय करते ते कळणार नाही. या छपाईचे मूळ २२ ऑक्टोबर १९३८ या दिवसात आहे. चेस्टर कार्लसन या अमेरिकी संशोधकाने न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर घर्षणाने विद्युतभार निर्माण केला, त्यावर अक्षरे लिहिलेल्या काचेतून प्रकाश पाडला, बारीक भुकटी शिंपडली, भुकटीची अक्षरे मेणकागदावर उतरवली आणि उष्णता देऊन पक्की केली. आजच्या लेझर प्रिंटरमध्ये पत्र्याच्या जागी फिरता ड्रम आला, दिव्याच्या जागी लेझरचा किरण आला आणि भुकटीच्या जागी टोनर, म्हणजे रंग मिसळलेली प्लास्टिकची अतिबारीक पूड आली. पायऱ्या मात्र त्याच राहिल्या. आधी स्थिर विजेने पूड कागदावर ओढायची, मग उष्णतेने ती वितळवून कागदात बसवायची. ओल या दोन्ही पायऱ्यांवर आघात करते.

पहिली पायरी विजेची. ड्रमवरची पूड कागदावर यावी म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला विरुद्ध भार दिला जातो. कोरडा कागद हा भार धरून ठेवतो. सादळलेला कागद वीज थोडीफार वाहून नेतो, त्यामुळे भार निसटतो आणि पूड अर्धवटच उतरते. पाकिटाच्या बाबतीत मध्ये हवेची फट असते, जोडापाशी जाडी बदलते, म्हणून पूड आधीच कमी-जास्त बसत असते. ओलीने ती आणखी फिकी पडते. पत्त्यातली मधलीच दोन अक्षरे अस्पष्ट दिसली, तर टोनर संपला असे समजण्यापूर्वी ती अक्षरे मागच्या जोडावर येतात का, हे पाकीट उलटून पाहावे.

दुसरी पायरी उष्णतेची. पूड वितळवणारा भाग म्हणजे फ्यूजर: एक तापलेला रोलर आणि त्यावर दाबलेला दुसरा. इथले तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असते आणि कागदाचा प्रत्येक भाग तिथे सेकंदाच्या लहानशा अंशापुरताच थांबतो. कोरड्या हवेत ठेवलेल्या कागदात वजनाच्या पाच-सहा टक्के पाणी असते. हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिली की तेच प्रमाण दहाच्या पुढे जाते. नऊ बाय चार इंचाचे एक पाकीट साधारण पाच ग्रॅमचे धरू. त्यात दहा टक्के, म्हणजे अर्धा ग्रॅम पाणी आले. त्यातला दहावा भाग, ०.०५ ग्रॅम, फ्यूजरमध्ये वाफ झाला असे मानू. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना सुमारे १.७ लिटर वाफ होते, म्हणून ०.०५ ग्रॅमची सुमारे ८५ मिलिलिटर झाली. सुट्या पानातून ही वाफ दोन्ही बाजूंनी निघून जाते. पाकिटात ती दोन थरांमध्ये कोंडते. तव्यावरची तांदळाची भाकरी ज्या कारणाने फुगते, त्याच कारणाने पाकीट फ्यूजरमध्ये फुगते. भाकरीला फुगायला जागा असते, पाकिटावर मात्र रोलरचा दाब असतो, म्हणून फुगवटा मागे ढकलला जातो आणि शेवटी घडीत मोडतो. ती मोड म्हणजेच आपल्याला दिसणारी चुणी. तोंडाकडच्या पट्टीवरचा वाळलेला डिंक पाण्याने जागा होणारा असतो. त्याला ओल आणि उष्णता एकदमच मिळतात आणि कोरे पाकीट बंद होऊनच बाहेर येते. खिडकीचे प्लास्टिक आणि तयार गोंद यांची भीती याच कारणाने आहे: ते वितळून रोलरला चिकटले, तर खर्च पाकिटाचा राहत नाही, फ्यूजरचा होतो.

इथे कोणी म्हणेल की प्रिंटरच्या यादीत ‘एन्व्हलप’ असा कागदाचा प्रकार असतो, तो निवडला की यंत्र सगळे सांभाळते. तो निवडलाच पाहिजे, यात शंका नाही. त्याने वेग कमी होतो आणि उष्णतेचा मेळ जाड वस्तूसाठी बसवला जातो. काही प्रिंटरांत मागचे दार उघडल्यावर दोन लहान दांड्या दिसतात. त्या बदलल्या की फ्यूजरचा दाब कमी होतो आणि चुण्या बऱ्याच आटोक्यात येतात (काम झाल्यावर त्या पूर्ववत करायच्या, नाहीतर साध्या पानावरची अक्षरे बोटाने पुसली जातात). मागचे दार उघडे ठेवले की पाकीट वळण न घेता सरळ बाहेर येते. पण यातले कोणतेही सेटिंग पाकिटातले पाणी काढून घेत नाही. ते काम छपाईच्या आधीचे आहे. गठ्ठा छपाईच्या वेळेपर्यंत मूळ वेष्टनातच ठेवावा. फोडलेला गठ्ठा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. रात्रभर ट्रेमध्ये पाकिटे सोडू नयेत. कार्यालयात वातानुकूलित खोली असेल तर पाकिटे आदल्या दिवशी तिथे नेऊन ठेवावीत. छपाईपूर्वी कडा फूटपट्टीने दाबून हवा काढावी, गठ्ठा फुलवून घ्यावा आणि एका वेळी आठ-दहाच पाकिटे लावावीत. वाळवण्यासाठी पाकीट कोरेच एकदा लेझर प्रिंटरमधून काढावे, असा एक सल्ला ऐकू येतो. त्याने डिंक चिकटतो, म्हणून तो टाळलेला बरा.

४. मग शाईचा प्रिंटर का नको?

हा आक्षेप वजनदार आहे. शाईच्या प्रिंटरमध्ये फ्यूजर नाही, म्हणून वाफ नाही, चुणी नाही, डिंकाची भानगड नाही. बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर पडतात आणि कागद त्यांना शोषून घेतो. सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे टाकीवाले इंकजेट पाकीट बरेच समजूतदारपणे ओढतात. अडचण नंतरची आहे. या शाईत पाण्याचा मोठा वाटा असतो. रंग पाण्यात विरघळलेला असेल, तर सुकल्यानंतरही पाण्याचा थेंब त्याला पुन्हा विरघळवतो. सादळलेल्या कागदावर ती शाई छापतानाच फुटते, म्हणजे धाग्याधाग्यांतून पसरते. पोस्टमनच्या पिशवीतून माथेरानच्या पायथ्याच्या वाडीवर जाणाऱ्या पाकिटावर पावसाचे चार थेंब पडणारच. टोनर हे प्लास्टिक असल्याने पाण्यात विरघळत नाही.

म्हणजे पावसाळ्यात पेच असा आहे: जो प्रिंटर पाकीट सहज घेतो त्याची अक्षरे पाऊस सोसत नाहीत, आणि ज्याची अक्षरे पाऊस सोसतात त्याला ओले पाकीट सोसत नाही. यातून वाट आहे. काही इंकजेटांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते. ती पाण्याने पुसत नाही. आपल्या प्रिंटरची शाई कोणती, हे तपासायला वेगळी साधने लागत नाहीत. एका पाकिटावर पत्ता छापावा, तासभर सुकू द्यावा, त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा आणि मिनिटाभराने बोट फिरवावे. अक्षर जागचे हलले नाही, तर तो प्रिंटर पावसाळी टपालाला चालेल. हलले, तर लेझर घ्यावा आणि पाकिटे कोरडी करण्याचे कष्ट घ्यावेत. माझा कल लेझरकडे आहे, कारण पाकिटाची ओल आपण कार्यालयात आवरू शकतो, रस्त्यावरचा पाऊस आवरू शकत नाही.

५. अर्ध्या इंचाचे गणित

पत्ता सरकण्याचे कारण मात्र ओल नाही, माप आहे. संगणकाच्या यादीत पाकिटांची जी नावे दिसतात ती परदेशी मापांची असतात. डीएल म्हणजे ११० बाय २२० मिलिमीटर. तीन भागांत दुमडलेले ए ४ पान त्यात बसते. ‘नंबर १०’ म्हणजे अमेरिकी कचेरीतले पाकीट, ९.५ बाय ४.१२५ इंच. आपल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते ते नऊ बाय चार, दहा बाय साडेचार किंवा अकरा बाय पाच इंचाचे; यादीत ही नावे बहुधा नसतात. मग दिसायला जवळचे म्हणून ‘नंबर १०’ निवडले जाते. आता हिशेब करू. नंबर १० ची लांबी ९.५ × २५.४ = २४१.३ मिलिमीटर. आपल्या पाकिटाची ९ × २५.४ = २२८.६ मिलिमीटर. फरक १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. पाकीट डाव्या टोकाने आत गेले तर पत्ता जागेवर पडतो. उजव्या टोकाने गेले तर तो अर्धा इंच डावीकडे सरकतो. शिवाय कागद किती लांब आहे हे यंत्र आतल्या सेन्सरवरून जोखते. अपेक्षित लांबी आणि खरी लांबी जुळली नाही, तर काही प्रिंटर कागद अडकल्याचा इशारा देऊन थांबतात, आणि उघडून पाहावे तर काहीच अडकलेले नसते. उपाय एकच: ‘कस्टम’ आकार घेऊन फूटपट्टीने मोजलेले माप मिलिमीटरमध्ये भरावे, दस्तऐवजातही आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्येही. पहिली चाचणी पाकिटाच्या मापाने कापलेल्या साध्या कागदावर घ्यावी.

६. शेवटचा आकडा

पाकीट न अडकता बाहेर आले म्हणजे काम संपले असे नाही. अक्षर वाचता आले पाहिजे. या तालुक्यांत ते किती महत्त्वाचे आहे हे पिनकोडवरून दिसते. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. ते संस्कृतचे कवीही होते. सहा अंकांपैकी पहिला मोठा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. कर्जतचा पिन ४१०२०१, खालापूरचा ४१०२०२, खोपोलीचा ४१०२०३. तिन्ही ठिकाणांत फरक फक्त शेवटच्या अंकाचा. नेरळ ४१०१०१ आणि माथेरान ४१०१०२, तिथेही तेच. शेवटचा अंक जोडावर येऊन फिका पडला, तर डोंगराखालचे पत्र डोंगरावर जाऊ शकते.

याहून मोठी गफलत नावात आहे. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत, एक रायगडात आणि दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. दुसऱ्याचा पिन ४१४४०२. दोन्हींचे पहिले दोन अंक सारखेच, ४१. फाटा तिसऱ्या अंकाशी फुटतो. ‘कर्जत’ एवढेच स्पष्ट आणि पिन पुसट, असे पाकीट घाट चढून भलतीकडे जाण्याची शक्यता राहते. म्हणून पत्त्यात तालुका आणि जिल्हा दोन्ही लिहावेत आणि पिन शेवटच्या ओळीत, बाकीच्या मजकुरापेक्षा मोठ्या आकारात छापावा. मराठी पत्ता जरूर मराठीतच छापावा, पण पिन इंग्रजी अंकांत असावा असे माझे मत आहे; पाकीट वाटेत अनेक हातांतून जाते आणि सगळ्यांनाच देवनागरी अंक सवयीचे नसतात. देवनागरी अक्षरांना वरखाली मात्रा-उकार असतात, जोडाक्षरे गच्च असतात. खाकी कागद खरखरीत आणि गडद असल्याने बारीक टाइपातली जोडाक्षरे त्यावर बुजतात. १४ पॉइंटचा ठळक टाइप आणि ओळींमध्ये सढळ अंतर घेतले की ‘श्र’, ‘द्ध’ नीट उमटतात. फॉन्ट युनिकोड घ्यावा; जुन्या फॉन्टमधली पत्त्यांची यादी दुसऱ्या संगणकावर नेली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येतात आणि मेल मर्जने एकदम दोनशे पाकिटे वाया जातात. स्पीड पोस्टचे बारकोड स्टिकर आणि तिकीट यांच्यासाठी वरची उजवी बाजू मोकळी सोडावी.

७. इतका खटाटोप कशासाठी?

व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना एका मिनिटात जाते, मग पाकिटे हवीत कशाला, असे विचारले जाते. कळवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप उत्तम आहे आणि ते वापरावेच. पण सूचना पोचली होती की नाही यावरून वाद उभा राहिला, तर कागदाचा आधार वेगळाच असतो. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ चे तत्त्व असे: कायद्याने टपालाने बजावणी सांगितली असेल आणि पत्र योग्य पत्ता घालून, टपालखर्च भरून, नोंदणीने पाठवले असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचले असे मानले जाते. या सगळ्याची पहिली अट ‘योग्य पत्ता’ ही आहे. २०२५ मध्ये नोंदणी टपालाची स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, तरी ही गरज संपत नाही. बुकिंगच्या खिडकीवर पिन संगणकात भरला जातो आणि तो पाकिटावरूनच वाचला जातो. फेरफाराची नोटीस असो की सभेची, पत्ता सुवाच्य असणे हा तिच्या वजनाचा भाग आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. दोनशे सूचना असतील तर पाकिटावर छापण्याचा आग्रह मी धरणार नाही. खिडकीचे पाकीट घ्यावे आणि पत्ता आतल्या सूचनेवरच, घडी घातल्यावर खिडकीत येईल अशा जागी छापावा. प्रिंटरमधून फक्त ए ४ कागद जातो, पाकीट आत जातच नाही. एका छपाईत सूचना आणि पत्ता दोन्ही होतात, त्यामुळे एकाची सूचना दुसऱ्याच्या पाकिटात जाण्याची चूकही टळते. खिडकीचे पाकीट थोडे महाग पडते, आणि सूचना आत हलली तर पिन खिडकीआड जातो. म्हणून भरलेले पाकीट टेबलावर चारही कडांवर आपटून पाहावे आणि पत्ता दिसतो का ते बघावे. चिकटपट्टीचे लेबल हा मधला मार्ग आहे. ते लेझरवर छापावे, आणि काही लेबले काढून झालेला ताव पुन्हा यंत्रात घालू नये, कारण उरलेली लेबले सुटून फ्यूजरला चिकटतात.

आणि दहा-पंधराच पाकिटे असतील, बाहेर आठवड्याची झड लागली असेल आणि गठ्ठा सादळलेला असेल, तर हाताने लिहावे. बॉलपेनची शाई तेलकट असते, पावसाने ती ओघळत नाही. फाउंटन पेन आणि बहुतेक जेल पेन मात्र या चार महिन्यांत टपालाच्या पत्त्यासाठी बाजूला ठेवावेत. त्यांची शाई पाण्यात कालवलेली असते.